देव मानत नाही, आणि यंदा गणपतीच्या पूजेला मी बसायचंय

खाडीकाठ

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला. मी ठाण्यात डायलिसिस टेक्निशियन आहे, वय ४३. घरात गौरीबरोबर जाणारा गणपती. आजोबा पूजेला बसायचे, मग वडील बसायला लागले. वडील गेल्या पौषात गेले. थोरला मुलगा मी. आमच्याकडे मूर्तीचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, आधी नेऊन देतात. मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला: "नागपंचमीक पाट शाळेत नेऊन देतंय. पूजेक तूच बसतलस मा?" मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

मी देव मानत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा असल्यापासून नाही. कशाचा राग आला, कोणी दुखावलं, असं काही घडलं नाही. विश्वास हळूहळू कमी होत गेला आणि एक दिवस लक्षात आलं की तो उरलेला नाही. घरात सगळ्यांना अंदाज आहे, पण तोंडाने मी कधी बोललेलो नाही.

आणि तरी या तेवीस वर्षांत माझी एकही चतुर्थी चुकलेली नाही. कोकणकन्येत दाराशी उभं राहून गेलोय, एसटीने गेलोय, एकदा तर हायवेवरच्या खड्ड्यांतून सतरा तास लागले होते. माटी मीच बांधतो. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो: गणपतीच्या डोक्यावर आढ्याला लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या दिवसांत रानात, परसात जे पिकतं फुलतं ते बांधतात. आंब्याचे टाळ, नारळाची जोड, सुपारीचं शिपटं, तवसं, चिबूड, कांगलां, हरणां, तेरडा, कळलावी, आणि कवंडाळ. कवंडाळ म्हणजे नारिंगी रंगाचं गोल रानफळ, खायचं नसतं, पण त्याच्याशिवाय माटी उघडी वाटते. यातलं काय कुठे मिळतं ते सगळं वडिलांना पाठ होतं. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले होते, तरी सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळाच्या माळापर्यंत, आले, एका धोंड्यावर बसले आणि काठीने दाखवत राहिले: "थंय, करवंदीच्या जाळीत बघ. तेच्या खाली." मी हात घातला, कोपरापर्यंत ओरबाडलो आणि वेल ओढून काढला, तर त्याला तीन फळं. तिसरं अजून हिरवं होतं. ते म्हणाले, "तां ऱ्हवांदे. येतला पिकान."

तर माटी बांधताना, भजनाला टाळ धरताना, काकीच्या हातचे पातोळे खाताना मला कधी खोटं वाटलं नाही. विसर्जनाला घसा दाटून येतो, तोही खराच असतो.

अडतं ते पूजेत. मी या वर्षी पहिल्यांदाच पोथी उघडून अर्थ लावून वाचली. सुरुवातीला संकल्प असतो. हातात पाणी घेऊन आपण सांगतो की मी अमुक गोत्राचा, अमुक तिथीला, श्रुती-स्मृती-पुराणांत सांगितलेलं फळ मिळावं आणि परमेश्वर प्रसन्न व्हावा म्हणून ही पूजा करतोय. पुढे प्राणप्रतिष्ठा. मूर्तीच्या हृदयाला हात लावून म्हणायचं, "अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु". हिच्यात प्राण स्थिर होवोत. ज्याला आत काही येतं असं वाटत नाही, त्याने हात लावून हे म्हणायचं?

आणि मला स्वतःलाच न सुटलेली गोष्ट ही. आरतीनंतर गाऱ्हाणं होतं. वडील उभे राहून मालवणीत घालायचे, "बा देवा म्हाराजा", मग घरातल्या एकेकाचं नाव, कोणाची परीक्षा, कोणाचं दुखणं, कोणाची जुळत नसलेली सोयरीक. आणि आम्ही सगळे मागून ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" तेही देवालाच उद्देशून आहे. पण ते म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही. मग संकल्पाला का अडखळतेय? मी संस्कृताला घाबरतोय, की स्वतःला फसवतोय?

पूजेला बसलो तर ती फसवणूक आहे का? आणि नाही बसलो, तर बाकीचा सण माझा राहतो की मी त्यात पाहुणा होतो?

कातळफूल

रत्नागिरीहून. मी पंधरा वर्षं विवेकवादी चळवळीत आहे, विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करायला उभी राहते. तुम्ही लिहिलंय ते मनापासून आहे, म्हणून स्पष्ट सांगते: बसू नका.

माटी बांधा, टाळ धरा, गावाला जा. त्याला हरकत घेणारा विवेकवाद मला मान्य नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध अंधश्रद्धेला आणि शोषणाला आहे, देवाधर्माला नाही. घाटावर आम्ही मूर्ती दान करा म्हणतो, निर्माल्य पाण्यात टाकू नका म्हणतो. गणपती आणू नका असं म्हणत नाही.

पण संकल्प ही प्रतिज्ञा आहे. ती तुम्ही पहिल्या पुरुषात, स्वतःचं नाव-गोत्र घेऊन करता. संविधानाचं २५वं कलम सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. ते पूजा करणाऱ्याचं आहे तसं न करणाऱ्याचंही आहे. ते वापरायची वेळ आयुष्यात दोन-तीनदाच येते. दापोलीजवळच्या मुरुडच्या र. धों. कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक शिक्षणावरचं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि मनात एक, कागदावर दुसरं असं कधी केलं नाही. त्यासाठी खटलेही सोसले. तुम्हाला तर फक्त काकांना एक वाक्य सांगायचंय.

घरात मुलं असतील तर ती बघत असतात, एवढं लक्षात ठेवा.

दर्भ

मी गुहागरकडचा. पौरोहित्य करतो. चतुर्थीला पहाटे चारला पहिली पूजा आणि दुपारी दीडला शेवटची. मधल्या वेळात बावीस घरं, तीही पावसात, मोटारसायकलवरून. तेव्हा यजमान कसे बसतात ते मी फार जवळून बघितलंय. कोणाची नजर मोबाईलवर असते, कोणी गाडी लावायला उठतो, कोणी सगळं भक्तिभावाने करतो. "मी हे मानत नाही, मग म्हणू का?" असं आजवर मला एकाही यजमानाने विचारलेलं नाही. तुमच्या जिभेला हे शब्द जड झालेत, कारण तुम्ही ते वाचलेत. त्याचा मला आदर वाटतो.

आता शास्त्राचं थोडं. कर्म करायचं तर ईश्वर मानायलाच हवा, असं आपल्याकडे सगळे म्हणत नव्हते. पूर्वमीमांसा हे दर्शनच यज्ञकर्माचं आहे. विधीचा इतका काटेकोर विचार दुसऱ्या कुठल्या दर्शनाने केलेला नाही. आणि तेच मीमांसक जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नाहीत. शबरस्वामींनी मीमांसासूत्रांवरच्या भाष्यात मांडलंय की देवतेला शरीर नाही, ती हवि (आहुती) खात नाही, प्रसन्न होऊन फळ देत नाही. फळ कर्मातूनच येतं, त्या शक्तीला ते 'अपूर्व' म्हणतात. कुमारिल भट्टांनी तर सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर एकेक आक्षेप घेतलेत.

हे वाचून लगेच पाटावर बसू नका. मीमांसकांची वेदावरची निष्ठा अढळ होती, विधी केला की फळ येणारच याची त्यांना खात्री होती. तुमच्याकडे ती नाही. त्यांच्या पांघरुणात शिरलात तर तीही एक फसवणूकच होईल. शिवाय मूर्तिपूजेत प्राणप्रतिष्ठा आहे, तिथे भाव लागतो असं मी मानतो. मी स्वतः त्या क्षणी हात लावतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. बाविसाव्या घरीही येतो.

वाट मात्र आहे, आणि ती जुनीच आहे. संकल्प दुसऱ्यासाठी करता येतो. यजमान आजारी असेल, परगावी असेल तर आम्ही "मम" च्या पुढे "यजमानस्य" लावतो आणि त्याच्या वतीने पाणी सोडतो. घरातलं जे माणूस मानतं त्याला बसवा. आमच्या भागात आता मुली बसतात, सुना बसतात, मी त्यांना तितक्याच आनंदाने पूजा सांगतो. तुम्ही शेजारी बसा, दूर्वा निवडून द्या, पंचामृताची वाटी पुढे करा. तुमच्या भटजींशी मात्र आधी बोला. पहाटेच्या घाईत हे सांगू नका, त्यांना पुढची घरं असतात.

गाऱ्हाण्याचं तुम्हीच शोधून काढा. मला एवढंच दिसतं की संकल्पात "मी" आहे आणि गाऱ्हाण्यात "आम्ही" आहे.

कोकणचा राजा

देव मानत नाही तर सुट्टीत मुंबईला बसा. सण आमचा, श्रद्धा आमची. मोदक खायला तेवढे येतात.

खाडीकाठ

@कोकणचा राजा, मोदकांसाठी येत नाही. वडिलांच्या हातची चौकट आहे, फणसाच्या लाकडाची. तिला दर वर्षी सुंभ बांधायला कोणीतरी लागतं, म्हणून येतो. तुमच्या श्रद्धेला माझ्याकडून धक्का लागू नये, याचसाठी तर विचारतोय.

@दर्भ, तुमचं दोनदा वाचलं. "मी" आणि "आम्ही" हे मला सुचलंच नव्हतं.

ओलं खोबरं

मी कुडाळची माहेरवाशीण, सासर पनवेल, पण चतुर्थी सासरच्या गावी, वेंगुर्ल्याजवळ. मीही देव मानत नाही. लग्नाला १७ वर्षं झाली, हे नवऱ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

हा प्रश्न मला कोणी कधी विचारलाच नाही. कारण मी पाटावर बसतच नाही, मी स्वयंपाकघरात असते. चतुर्थीला पहाटे साडेतीनला उठते. नारळ खवायचे, चून (सारण) शिजवायचं, उकड काढायची. उकड गरम असतानाच मळावी लागते, नाहीतर पारी चिरते. तेलपाण्याचा हात लावून वळायचे, पाकळ्या काढायच्या, नाक जमवायचं. नैवेद्याचे एकवीस, माणसांचे वेगळे. दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमीची भाजी. मग गौर. लग्न झालं त्या वर्षी सुपं घेऊन गौरीला ओवसायला, म्हणजे नव्या सुनेने सुपांत वाण घालून गौरीला ओवाळायला, गेले होते. पाच सुपं, तांदूळ, काकडी, केळी, करंड्याफणी. डोक्यावरून साडीचा पदर आणि पुढ्यात तेरड्याची गौर. मला तेव्हाही काही वाटलं नव्हतं देवीबद्दल. पण रांगेत माझ्या पुढे सासू, तिच्या पुढे तिची नव्वदीची जाऊ, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकीने कधीतरी नवीन म्हणून असंच सूप धरलेलं. तेव्हा मी रडले. ते रडणं मी कोणाला खोटं म्हणू देणार नाही.

मी मोदक करते तेव्हा माझं मन पूर्ण त्यात असतं. तो देवासाठी नसतो. सासऱ्यांना मऊ लागतो, पुतणीला गूळ कमी लागतो, ते मला माहीत असतं. आता कोणी म्हणेल, मानत नाही तर तिचा मोदक खरा नाही. मग खरा कोणाचा?

तुम्ही पूजेला बसावं की नाही ते तुम्ही ठरवा. पण "सण माझा राहतो का" हे मला विचाराल तर, काकीला जाऊन विचारा की पहाटे नारळ कोण खवतं. यंदा तुम्ही खवा. गावात पुरुषाने खवलं म्हणून कोणी गोत्र विचारत नाही.

बंदरावरचा

श्रीवर्धनकडचा आहे, घर मुसलमान. उत्तर द्यावं की नाही याचा विचार करत होतो, पण प्रश्न इतका ओळखीचा निघाला की राहवलं नाही.

आमच्याकडे नमाजाच्या आधी नीयत करतात. मनात ठरवायचं की मी ही अमुक नमाज अल्लाहसाठी पढतोय. त्याशिवाय नमाज होत नाही. तुमचा संकल्प म्हणजे मला तेच वाटलं. माझा विश्वास कॉलेजनंतर गेला. सहा-सात वर्षं मी ईदच्या नमाजाला सफमध्ये (रांगेत) उभा राहत होतो, अम्मीसाठी. खांद्याला खांदा लागलेला, एका बाजूला मामू, दुसऱ्या बाजूला मच्छीचा व्यापारी, आणि नीयतीच्या वेळी माझं मन रिकामं. सगळे वाकले की मी वाकायचो. मला स्वतःची लाज वाटायची, आणि जास्त लाज शेजारच्याची वाटायची, कारण तो खरा उभा होता.

मग मी सांगितलं. अम्मी दोन महिने नीट बोलली नाही. हे लपवत नाही, कारण इथे सगळे म्हणतायत की एक वाक्य सांगायचंय. ते वाक्य महाग पडतं. घरात त्याची किंमत तुमच्याआधी आईच मोजते.

आता ईदला नमाजाच्या वेळी मी घरी असतो. शीरखुर्म्याचं दूध मी आटवतो, खारका आदल्या रात्री मीच चिरतो. नमाजाआधी फित्रा (ईदचं दान) पोचायला हवा, म्हणजे ज्याच्या घरी चूल थंड आहे त्याची ईद होते. तो वाटायला मी जातो. त्यालाही नीयत लागते, पण ती माझ्याकडे आहे. माणसं नमाजाहून येतात, गळाभेट होते, मी दारात असतो. पहिली दोन वर्षं काही जणांनी गळाभेट घेतली नाही. आता घेतात. एक अजून घेत नाही.

कातळफूल

@बंदरावरचा, "एक वाक्य" मी लिहिलं होतं. माझं ते चुकलं. माझ्या घरी ते सोपं गेलं म्हणून तसं लिहिलं.

@ओलं खोबरं, सतरा वर्षं गप्प राहून तुम्ही जे करताय त्याला मी खोटं म्हणू शकत नाही. गप्प राहावं लागतं याचं मात्र वाईट वाटतं.

खाडीकाठ

काल रात्री काकांना फोन केला. लिहून ठेवतो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

मी म्हटलं, "काका, माझा देवावर विश्वास नाही. संकल्प खोटा सोडायचा नाही, म्हणून मी पूजेला बसत नाही." पलीकडे बराच वेळ फक्त पागोळ्यांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "माका म्हायत आसा. तुझ्या बापाशीकय म्हायत होता." मी विचारलं, बाबा काय म्हणायचे? "काय म्हणतलो? 'माटी बांधता मा तो, झाला तर मग.'"

मला पुढचं काही बोलता येईना. वीस वर्षं ज्यांच्यापासून लपवलं, त्यांनी ते धोंड्यावर बसून, काठीने कवंडाळ दाखवताना मनात ठेवलं होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काकीने फोन घेतला आणि ती रडली. "वर्षाच्या आत तू असा बोलतंस," म्हणाली. तिला मी उत्तर देऊ शकलो नाही. तिच्या दृष्टीने दादांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, जागी मी बसणं ही दादांची आठवण होती आणि ती मी नाकारली. चार दिवस आधी जातोय, तिच्यासोबत बसेन. नारळ खवायला सांगेल तर खवेन, नाही सांगितलं तरी खवेन.

पूजेला माझी चुलत बहीण बसणार आहे. ओरोसला नर्स आहे, मनापासून मानते, रजा टाकलीय तिने. काका भटजींशी बोलले. भटजींनी फक्त वेळ विचारली: सातच्या आत की नंतर.

आणि गाऱ्हाणं. यंदा ते काका घालणार. मी घाबरत विचारलं, माझं नाव घेशील का? तर म्हणाले, "घेतंय तर! 'जो तुका मानना नाय, पण तुझी माटी बांधता, तेकाय सुखरूप ठेव रे म्हाराजा,' असा घालतंय. चलात मा?" चालेल म्हटलं. सगळ्यांबरोबर त्यावर मीही "व्हय म्हाराजा" म्हणणार आहे. @दर्भ, का म्हणता येतं ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण ज्यांच्यासोबत म्हणायचंय ती सगळी माणसं मला दिसतायत.

पाट शाळेत पोचला. काकांनी फोटो पाठवला. ओळीने पन्नासेक पाट, प्रत्येकावर खडूने घरवाल्याचं नाव. आमच्या पाटावर बाबांचं नाव गेल्या वर्षीचंच आहे, शेवटची दोन अक्षरं पुसट झालीयत. मूर्तिकार विचारत होता, नाव बदलायचं काय. मी सांगितलं, तीच दोन अक्षरं परत गिरव.

देवगडकडचं कोणी वाचत असेल तर एक मदत हवी: सड्यावरची आमची कवंडाळाची जागा आता कोणाच्या तरी कुंपणात गेलीय. दुसरीकडे कुठे वेल दिसला असेल तर कळवा. मी चतुर्थीच्या चार दिवस आधी सकाळी कणकवलीला उतरतोय.